जयंती दिघेची उडी

अंधेरी स्टेशनापासून आंबोलीकडे निघालं की डाव्या हाताला एक जुना ख्रिस्ती बंगला लागायचा. त्याचा तळमजला विद्याधर मास्तरांनी आपल्या मंडळीसाठी घेतला होता. मास्तर ऐन तारुण्यात उत्तरेकडे जाऊन आठ वर्षं नाच शिकून आले होते, आणि आपल्या खेळांना ते ‘नृत्यनाट्य’ म्हणत. अंधेरीची माणसं मात्र सरळ ‘बॅले’ म्हणायची. बंगल्याच्या मोठ्या दालनात भिंतीलगत, कमरेइतक्या उंचीवर एक लांब बांबू बांधलेला होता. रोज सकाळी सातला त्या बांबूला एक हात लावून दहा-बारा मुली आणि पाच-सहा मुलगे पाय उचलत, वाकवत, ताणत उभे असायचे. मास्तर काठीने फरशीवर ताल धरायचे. तासभर नुसते पाय. मग उड्या, मग हात आणि मान. चेहऱ्याची पाळी सगळ्यांत शेवटी यायची.

पायांत आणि उड्यांत जयंती दिघेच्या जवळपास फिरकणारं कुणी नव्हतं.

जयंती श्यामकांत दिघ्यांची थोरली मुलगी. दिघे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मुलगी नाच शिकते म्हटल्यावर नात्यातल्या बायकांनी नाकं मुरडली, तेव्हा ते चष्मा पुसत एवढंच म्हणाले होते, “पाय तिचे आहेत. तिला हवं ते करू दे.” पंधराव्या वर्षी जयंती त्या बांबूपाशी उभी राहिली, ती सहा वर्षं एक खाडा न करता. उडी मारली की ती हवेत क्षणभर थांबली आहे असं वाटायचं. खाली यायची तेव्हा घुंगरांचा आवाज व्हायचा, पावलांचा नाही. नवी मुलगी आली की मास्तर तिला सांगायचे, “जयंतीकडे बघ.” ते ऐकलं की जयंतीचा सबंध दिवस सुखाचा जायचा.

त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर मंडळीत मालन परब आली. ती नाचायला आली नव्हती, कपडे शिवायला आली होती. जोगेश्वरीच्या चाळीत राहायची. वडील गुणाजी परब गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. माणसं मूळची मालवणकडची. मालन एकोणीस वर्षांची, सावळी, रुंद चेहऱ्याची, पावलं फताडी. शिवणाचं मशीन दालनातच खिडकीपाशी होतं, त्यामुळे शिवता शिवता तिची नजर इकडे असायची. एकदा घोळक्यातली एक मुलगी तापाने आली नाही. मास्तरांनी हाक मारली, “ए मालन, ऊठ. नुसती उभी राहा, जागा भर.” मालन दोऱ्याचं टोक दातांनी तोडून उठली आणि उभी राहिली. त्या दिवसानंतर तिचं मशीन अर्धा वेळ बंदच असायचं.

सुरुवातीला जयंतीलाच तिचं कौतुक वाटलं. घुंगरू कसे बांधायचे, तळव्यांना भेगा पडल्या तर काय लावायचं, हे सगळं तिला जयंतीनेच दाखवलं. मालनच्या उड्या बघून तर हसू यायचं. पिशवी आपटावी तशी ती धप्पकन खाली यायची. “अगं, खालच्या मजल्यावर कुणी असतं तर वर भांडायला आलं असतं,” जयंती म्हणायची, आणि मालनही खो खो हसायची. ज्याच्यापासून आपल्याला काही भय नाही त्याच्याशी माणूस फार चांगलं वागतो. जयंती तर मालनशी सख्ख्या बहिणीसारखी वागत होती.

मग मास्तरांनी नवा खेळ काढला. नाव ‘मिठागर’. गोष्ट अगदी साधी होती. खाडीकाठी मिठागरात राबणारं एक जोडपं. उधाणाच्या भरतीत बांध फुटतो, नवरा तो बांधायला धावतो आणि परत येत नाही. बायको वाफ्यात मीठ ओढते आहे आणि तिथे तिला बातमी कळते. बायकोचं काम जयंतीचं, यात कुणाला शंका नव्हती. नवऱ्याचं काम नंदकुमारचं. हा उंच, रुंद खांद्यांचा मुलगा. जयंतीला खांद्यावर उचलून गर्रकन फिरवायचा तेव्हा ती पिसासारखी दिसायची.

मास्तर सगळ्यांना घेऊन भांडुपच्या मिठागरात गेले. सकाळचं ऊन मिठाच्या ढिगांवरून डोळ्यांत घुसत होतं. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने मीठ ओढत होत्या. जयंतीने वही काढली. पाय कुठे टेकतात, कंबर किती वाकते, खांदा कधी फिरतो, सगळं टिपून घेतलं, चित्रंसुद्धा काढली. मालन कुठे गेली म्हणून पाहिलं तर ती साडी खोचून पाण्यात उतरलेली आणि एका म्हातारीचं फावडं घेऊन मीठ ओढत होती. दोघी कशावरून तरी हसत होत्या. जयंतीला वाटलं, ही काय सहलीला आलीय?

बातमीच्या प्रसंगाची तालीम जानेवारीत सुरू झाली. जयंतीने तो घरी आरशापुढे पंधरा दिवस बसवला होता. गावकरी येऊन उभे राहतात. ती फावडं टाकते, हात हळूहळू कपाळाकडे जातो, ओठ थरथरतात, ती एक उंच उडी घेते, खांब कोसळावा तशी कोसळते आणि जमिनीवर दोन वेळा तळमळते. संपलं तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मास्तर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. “उडी सुरेख,” ते म्हणाले. “पण जयंती, हे रडणं मी आधी पाहिलंय. दहा बायकांना पाहिलंय असं रडताना, सगळ्या स्टेजवर. तुझं कुठलं यातलं?”

मास्तर दुसऱ्या मुलींकडे वळले. “कुणीतरी करून दाखवा. कसंही.”

दोघींनी केलं, तेही तसंच झालं. मग मास्तर म्हणाले, “मालन?”

मालनने फावडं घेतलं. गावकरी येऊन उभे राहिले. तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि पुन्हा मीठ ओढायला लागली. ओढतच राहिली. गावकऱ्यांनी मान खाली घातली, ती ओढत होती. एक जण पुढे येऊन तिच्या हाताला धरायला गेला तर तिने कोपराने त्याला बाजूला केलं आणि सगळा वाफा संपवायचाच आहे अशी आणखी जोराने ओढू लागली. तिचा चेहरा तर दगड. तबलजीचा हात थांबला होता. कोपऱ्यातली एक लहानगी मुलगी मुसमुसायला लागली.

मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली. मग एवढंच म्हणाले, “सगळ्यांनी मालनकडे बघा.”

जयंतीच्या पोटात काहीतरी तापलेलं खाली उतरत गेलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत ती सगळ्यांत पुढे होती, हे मात्र सांगितलं पाहिजे.

त्या दिवसापासून जयंतीला दुसरं काही दिसेनासं झालं. मालन पाणी कशी पिते, मान कशी वळवते, शिवताना खालचा ओठ कसा दातांत धरते, हे ती चोरून बघायची. घरी आरशासमोर चेहरा दगड करून बघायची, तर आरशात एक रुसलेली मुलगी दिसायची. जेवताना तिच्या मनात हिशेब चालायचा: सहा वर्षं माझी, दोन महिने हिचे. माझे पाय सुजले, नखं काळी पडली. हिने काय केलं? मशीन चालवलं! आई विचारायची, “अगं, आमटी निवली.” जयंतीला आमटी दिसतच नसायची.

एक दिवस ती मालनच्या शेजारी जाऊन बसली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, “मालन, ते तुला सुचलं कसं गं?”

मालनला वाटलं, मोठी मुलगी आपल्याला मानाने विचारतेय. ती सुईत दोरा ओवत म्हणाली, “सुचलं कसलं! आमचा जयवंतदादा होता ना, तो शिमग्याला गावी गेलेला. खाडीत होडी उलटली. चाळीत तार आली तेव्हा आई तांदूळ निवडत बसलेली. तार वाचून दाखवली तरी तिचा हात थांबला नाय. सगळे रडतायत, आणि ती आपली खडे काढतेय. सूप संपेस्तोवर. मी बारा वर्षांची होते. मला तेव्हा आईचा राग आलेला.” मग तिने मान वर केली. “मास्तरांना नको हां सांगू. घरचं आहे.”

जयंतीने तिचा हात हातात घेतला. तिला खरंच वाईट वाटलं. आणि त्याच वेळी मनात आलं: म्हणजे हिचं स्वतःचं नाहीच हे. हिने आईकडून उचललंय. मग मी का उचलू नये?

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी जाहीर केलं की बायकोचं काम मालन करील. उड्या कमी करू, नाच तिच्या पायांना झेपेल असा बसवू. “जयंती, तू तिची तयारी करून घे. तुझ्याइतकं कुणाला येत नाही.” मास्तरांना त्यात जयंतीचा मान वाटत होता.

जयंतीने मालनविषयी एक गोष्ट केव्हाच हेरून ठेवली होती. घरी निघताना मालन मोरीत जाऊन पाय घासघासून धुवायची, घुंगरांचे वळ जावेत म्हणून घोट्यांना तेल चोळायची आणि घुंगरू मशीनच्या खणात ठेवून जायची. घरी नाचाचं ठाऊक नाही, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. मालन स्वतः त्याबद्दल कधी बोलली नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी जयंती पोलक्याचं कापड घेऊन जोगेश्वरीला गेली. मालन घरी नसणार हे तिला माहीत होतं, कारण त्या वेळी ती मास्तरांकडे जादा तालमीला होती. गुणाजी परब चाळीच्या गॅलरीत दाढी करत बसले होते. आत जानकीकाकू, मालनची आई, चुलीपाशी होती.

“काका, मालन आहे का? पोलकं शिवायला द्यायचं होतं.”

“ती अंधेरीक शिवणाक गेली हा. आज जादा काम आसा म्हणता.”

इथे जयंतीला परत फिरता आलं असतं. ती पुढे आयुष्यभर स्वतःला सांगत आली की माझी जीभ घसरली. पण जीभ घसरते ती नकळत. तिची तर वाक्यं अंधेरीपासून ठरलेली होती.

“हो का? मग तालीमच असेल,” ती हसून म्हणाली. “काका, काय सुरेख नाचते हो मालन! आता खेळात मुख्य काम तिचंच. पुढच्या महिन्यात बघाल तुम्ही, सगळ्या लोकांसमोर. नंदकुमार तिला असा खांद्यावर उचलून घेतो, आणि ती…”

गुणाजींचा वस्तरा गालावर थांबला. “कोण उचलता?”

“नंदकुमार. नवऱ्याचं काम करतो तो.”

अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच ठेवून गुणाजी आत गेले. जानकीकाकू दारात आली होती. तिने जयंतीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. वजनाच्या काट्याकडे बघतात तशी ती बघत होती. जयंती कापड तसंच काखेत घेऊन जिना उतरली. उतरताना तिला हलकं हलकं वाटत होतं, हे ती कधी विसरली नाही.

मालन पुन्हा आली नाही. तिच्या थोबाडीत बसली, घराबाहेर पाऊल टाकायची बंदी झाली, हे सगळं शिवणाचे उरलेले पैसे न्यायला आलेल्या शेजारणीकडून कळलं. जाताना शेजारीण जयंतीला म्हणाली, “मालनने तुला निरोप दिलाय. वाईट वाटून घेऊ नको म्हणाली, तुला काय ठाऊक असणार की घरी सांगितलेलं नाही.”

जयंतीने मान हलवली.

खेळ महिन्यावर आला होता. बायकोचं काम परत जयंतीकडे आलं. मास्तरांनी उड्या पूर्वीसारख्या घातल्या आणि बातमीच्या प्रसंगाला म्हणाले, “तुला जमेल ते कर.” जयंतीने मालनचं केलं. नजर, कोपर, जोर, सगळं मोजून. मास्तरांनी बघितलं आणि पुढचा प्रसंग लावला.

पहिला खेळ अंधेरीतल्या एका शाळेच्या पटांगणात झाला. माणसं भरपूर होती. जयंतीच्या पहिल्याच उडीला ‘वा’ आला, आणि बातमीच्या प्रसंगाला सगळं पटांगण चूप झालं. खेळानंतर हार पडले. वडील मागच्या रांगेतून रुमालाने डोळे पुसत आले. सगळं मिळालं होतं. जयंती तोंडावरचा रंग पुसत बसली होती तेव्हा पडदा सारून जानकीकाकू आत आली. काठाचं साधं लुगडं, हातात देवीच्या प्रसादाची पुडी. घरी देवळाचं सांगून आली असावी.

जयंती उठून उभी राहिली. आता ही काय ते सगळ्यांदेखत बोलणार, असं तिला वाटलं. पण जानकीकाकूने जोगेश्वरीतल्या त्या रविवारचं नावसुद्धा काढलं नाही.

“चेडवा, तुझे हात बरोबर होते,” ती म्हणाली. “मी तशीच निवडी होतंय. पण तू दुख्ख दाखवी होतंस. माका दुख्ख नव्हता तेव्हा.”

“मग?”

“माका वाटला, हातातला सूप खाली ठेवलंय तर झील, माजो जयवंत, खराच गेलो. जोपर्यंत मी निवडतंय, तोपर्यंत तो आसा. म्हणान हात थांबाक दिलंय नाय.” तिने पुडी जयंतीच्या हातावर ठेवली. “मालनीन सांगलेला नाय तुका ह्या. तिका पण म्हायत नाय. पण तिणा तसाच केल्यान असता.”

आणि ती गेली.

दुसऱ्या खेळाला जयंती वाफ्यात उभी राहिली, गावकरी आले, आणि ती फावडं ओढू लागली. थांबायचं नाही, एवढंच मनात. थांबले की खरं होईल. कोण हात धरायला आलं तिला कळलं नाही. तिने कोपराने ढकललं. पुढे उंच उडी होती. ती घ्यायची तिला आठवणच राहिली नाही. तबलजीने दोनदा तुकडा वाजवून शेवटी सोडून दिला. पडदा पडल्यावर मास्तर विंगेत आले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “आज तू होतीस,” ते म्हणाले. मग जाता जाता, मनातलं मोठ्याने बोलावं तसे म्हणाले, “मालनने हे बघायला हवं होतं.”

तिथे पुन्हा तोच विखार! आपल्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या क्षणी मास्तरांच्या तोंडी दुसरीचं नाव. आणि पुढचे चार महिने ते नाव गेलंच नाही. नवी चाल बसवताना मास्तर म्हणत, “इथे मालन असती तर…” मुली म्हणत, “मालनसारखं कर गं.” समोर असती तर मालन धप्पकन उडी मारताना दिसली असती, ताल चुकताना दिसली असती. नसलेली मालन कधी चुकत नव्हती. तिच्याशी जिंकणार कसं? जयंती आरशापुढे उभी राहून दात खायची. पश्चात्ताप होताच, जानकीकाकूची नजर जेवताखाता आठवायची. पण तिला पुन्हा जोगेश्वरीला नेलं ते पश्चात्तापाने की मत्सराने, हे तिला स्वतःला कधी नीट सांगता आलं नाही.

ती वडिलांना बरोबर घेऊन गेली. श्यामकांत दिघे कोट घालून चाळीच्या गॅलरीत बसले, चहा घेतला, गिरणीच्या गोष्टी विचारल्या, आणि मग म्हणाले, “परब, माझी मुलगीही तिथेच नाचते. मी दर आठवड्याला जाऊन बसतो. तुम्हीही या.”

गुणाजींनी विडी पेटवली. “लोक काय म्हणतीत?”

“मला म्हणाले तेच. सहा वर्षं म्हणतायत. आता दमले.”

आतून जानकीकाकू म्हणाली, “मी जावन बसतंय. माज्या डोळ्यांदेखत नाचांदे.”

गुणाजींनी दोन अटी घातल्या. आई बरोबर असेल, आणि कुणीही पुरुष पोरीला उचलणार नाही. मास्तरांनी दोन्ही मान्य केल्या. पुढे वर्षभर जानकीकाकू दालनाच्या भिंतीला टेकून तांबूल कुटत बसायची, आणि कुणाचा भाव खोटा वाटला की तिचा बत्ता थांबायचा. मास्तर आधी तिच्याकडे बघायचे आणि मग नाचणाऱ्याकडे.

मालन आली त्याच दिवशी जयंतीने तिला बंगल्यामागच्या विहिरीपाशी नेलं. आढेवेढे घेतले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

“मालन, मला माहीत होतं.”

“काय?”

“तुझ्या घरी ठाऊक नाही ते. तू पाय धुवायचीस ते मी बघायची. मी मुद्दाम सांगितलं काकांना. नंदकुमारचंसुद्धा मुद्दाम.”

मालनला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा लालबुंद झाला. तिने हात उगारला, आणि तसाच खाली घेतला.

“कशाला?”

“तुझ्यासारखं मला येत नव्हतं म्हणून.”

“चार महिने मी घरात सडले! बाबा अजून धड बोलत नाय माझ्याशी. आणि तू माझ्या आयशीचं घेऊन हार घातलेस गळ्यात?” मालन विहिरीच्या कठड्यावर बसली. जयंती रडत होती, तिकडे तिने पाहिलं नाही. मग ती म्हणाली, “माफ वगैरे मला जमायचं नाय. सांगून ठेवते. पण तू माझं घेतलंस ना? मग तुझं दे.”

“काय देऊ?”

“उडी.”

जयंतीचं रडं थांबलं. दुसरं काहीही मागितलं असतं तर तिने आनंदाने दिलं असतं.

“सगळी,” मालन म्हणाली. “लपवून ठेवलंस तर मला कळेल.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला, मंडळी जमायच्या आधी, दोघी त्या बांबूपाशी उभ्या राहू लागल्या. जयंती शिकवायची. गुडघा बोटांच्या रेषेत, श्वास उडीच्या आधी, उतरताना आधी चवडा, मग टाच. मालन पडायची, शिव्या द्यायची, उठायची. जयंतीला रोज वाटायचं, एक गोष्ट ठेवावी आपल्याकडे. श्वासाचं तरी ठेवावं. आठ दिवस तिने ते सांगितलंच नाही. नवव्या दिवशी मालन तिच्या छातीकडे बघत म्हणाली, “तू वर जाताना श्वास कुठे ठेवतेस ते बोलली नाहीस.” जयंतीला सांगावं लागलं. शिकवताना स्वतःचीच एकेक वस्तू शेजारच्या घरात नेऊन ठेवतोय असं तिला वाटायचं. पण मालनचा गुडघा वाकडा पडला की तिच्याने राहवायचं नाही. ओरडून, जमिनीवर बसून, ती तो हातांनी सरळ करायची.

मैत्री काही झाली नाही. शिकवणीबाहेर मालन तिच्याशी कामापुरतं बोलायची, जयंतीच्या लग्नाला आली ती अक्षता टाकून निघून गेली. छप्पन साली जयंतीने विलेपार्ल्याच्या एका शिक्षकाशी लग्न केलं, आणि लग्नानंतरही ती रोज बंगल्यावर यायची. नव्या मुलींचे पाय तयार करण्याचं काम मास्तरांनी तिच्याकडे दिलं. स्टेजवर ती आता गावकऱ्यांच्या घोळक्यात असायची, कधी सासूचं काम करायची. तिचा भाव आता खरा उतरायचा. जाणती माणसं तिचं नाव घ्यायची. मुख्य काम मालनचं.

अठ्ठावन्नच्या थंडीत मंडळीला शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात ‘मिठागर’ करायला बोलावलं. मास्तरांनी बातमीनंतर मालनसाठी नवी जागा बसवली होती. फावडं अखेर हातातून सुटतं, आणि त्याच झटक्यात ती उंच उडते, तीनदा, फुटलेल्या बांधाच्या दिशेने. गुणाजी परब पहिल्यांदाच खेळाला आले होते, कडक इस्त्रीचा सदरा घालून, जानकीकाकूच्या शेजारी.

जयंती विंगेत उभी होती. मालनचे हात थांबले, फावडं पडलं, आणि ती वर गेली. वर गेली आणि तिथे थांबली. तो थांबणारा क्षण जयंतीने ओळखला. तो तिचाच होता. खाली येताना पावलांचा आवाज झाला नाही. नाट्यगृहातून एकच हुंकार उठला, आणि जयंतीला पोटात तेच जुनं तापलेलं काहीतरी उतरताना जाणवलं, पहिल्या दिवशीइतकंच ताजं. चार वर्षांत ते तसूभरही कमी झालं नव्हतं. तिने विंगेचं कापड मुठीत घट्ट धरलं होतं, आणि मालनच्या दुसऱ्या उडीला तिच्याही टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या.

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. मालन घामाने निथळत विंगेत आली, लोकांना बाजूला सारत थेट जयंतीपुढे उभी राहिली आणि धापा टाकत म्हणाली, “कशी झाली?”

जयंतीने तिच्याकडे बघितलं. खोटं बोलणं दोघींमध्ये कधीच बंद झालं होतं.

“तिसऱ्या उडीला टाच आधी टेकली.”

“मला वाटलंच,” मालन म्हणाली. “उद्या?”

“सहाला ये,” जयंती म्हणाली. “आणि उशीर करू नकोस, मला सातला मुलींचा वर्ग आहे.”